रक्त ज्याचं, थुंकी त्याची

१२ जानेवारी

दादा,

तुझ्या लेकीला माझाच आजार आहे. शनिवारी दुपारी रक्ताचा अहवाल आला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला आणि पक्कं सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते.

हे पत्र आपल्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे. घरचा पत्ता मला पाठ आहे. पण कारखान्यातलं टपाल वहिनी फोडते, हेही मला पाठ आहे.

पोरीनं तुला सांगितलं नसणार, म्हणून मी सांगते. मागच्या महिन्यात कॉलेजात ड्रॉइंगच्या तासाला तिच्या नाकाचा घोळणा फुटला. चार दिवसांत तिसऱ्यांदा. तीन मजली इमारतीचा नकाशा, सहा दिवसांचं काम, आणि जिन्यावर टपकन थेंब. ती मैत्रिणींना म्हणाली, "आमच्याकडे उन्हानं होतं असं." त्यांतली एक म्हणाली, "कुठलं ऊन गं? मी दोन स्वेटर घातलेत." तेव्हा तिला घरातला टोमणा आठवला, 'आत्याचं नाक घेतलंय.' ज्या आत्याची सतरा वर्षं घरात फक्त नाकापुरती आठवण निघते, तिला शोधत ती माझ्या दारात आली. नाकात कापूस, काखेत नकाशाची गुंडाळी.

मी तिला माझ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी आधी नाक पाहिलंच नाही. जीभ पाहिली, ओठ पाहिले, बोटांची टोकं पाहिली. सगळीकडे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके. आतल्या रक्तवाहिन्या नीट विणल्या गेलेल्या नसतात, भिंती पातळ राहतात, शिंक आली तरी फुटतात. पोरीनं विचारलं, "हे मला आत्याकडून आलं का?"

बाई म्हणाल्या, "आत्याकडून भाचीला असं तिरकं येत नाही. आई नाहीतर बाप. मधे कोणीतरी लागतंच."

आपल्या नाकातून आयुष्यात शेंबडाशिवाय काही आलं नाही, असं वहिनीनंच मला एकदा भांडताना सांगितलं होतं. मग उरलं कोण?

सोळा फेब्रुवारीला, सोमवारी, तिच्या नाकावर लेझर करायचं ठरलं आहे. त्याआधी तिची छाती तपासतील, कारण असल्या वाहिन्या फुफ्फुसात आणि डोक्यातही असू शकतात. तूही तपासून घे. आई स्वयंपाकघरात उभी होती ती कोसळली, उठलीच नाही, आणि आपण दोघं सगळ्यांना उष्णतेचं कारण सांगत फिरलो, हे विसरला नसशील.

मलाही हे सगळं नुकतंच कळलं.

बारकी


२३ जानेवारी (पोस्टकार्ड)

दादा,

पाकीट परत आलं. वर 'घेण्यास नकार' असा शेरा. अक्षर तुझं, शाई लाल. म्हणून आता कार्ड. कार्डालाही नकार देता येतो, पण तोवर ते पोस्टमननं वाचलेलं असतं, आणि त्याच्या मागून वाकून कारखान्याखालच्या न्हाव्यानंही. सगळ्यांच्या सोयीसाठी मोठ्या अक्षरात लिहिते. तुझ्या लेकीला वंशातून आलेला रक्तस्रावाचा आजार आहे. तो तिला तुझ्याकडून आला. तुझ्याही नाकाचा घोळणा फुटतो, आणि तू तो तीस वर्षं लपवलास. पुढचं कार्ड रविवारी टाकीन.

बारकी


४ फेब्रुवारी

दादा,

कार्ड लागू पडलं. सतरा वर्षांनी तुझ्या चार ओळी आल्या. 'जुनं उकरून काय मिळणार? पोरीला घरी पाठव. तिच्या नाकाचं मी बघतो. तू तुझं बघ.' मला तसलं काही नाही, असं मात्र तू कुठेच लिहिलं नाहीस. मी कागद उलटा करूनही पाहिला.

तिच्या नाकाचं तू काय बघणार? डोक्यावर गार पाणी, हुंगायला कांदा, मान मागे. मान मागे टाकायची नसते, दादा. रक्त घशावाटे पोटात जातं आणि वरून वाटतं, थांबलं. आपल्या घरात सगळंच असं थांबवतात. मान पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरायचा आणि तोंडानं श्वास घ्यायचा. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण काही उगाच नाही झाली. तुझंही उघडेल.

लेझरला पोरगी घाबरते आहे. माझं चारदा झालं आहे, तेव्हा जे आहे ते तिला सांगितलं. बधिर करणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस नाकात कोंबून वीस मिनिटं बसवतात. वरचे दात आपले वाटेनासे होतात. मग डोळ्यांवर जाड चष्मा, सगळी खोली हिरवी. आत टक्, टक्, टक् असा आवाज, आणि केस जळल्याचा वास. दुखत नाही, डोळ्यांतून पाणी तेवढं येतं. बाई एकेक ठिपका शोधून त्याच्या भोवतीनं आधी भाजतात, मग मधोमध. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर दोन्हीकडून एकाच दिवशी कधीच भाजत नाहीत. तसं केलं तर पडद्याला भोक पडतं. एक बाजू आज, दुसरी काही आठवड्यांनी. आणि हे कायमचं नसतं. वर्षभर बरं जातं, मग नवे ठिपके येतात, परत खुर्ची. पोरगी म्हणाली, "म्हणजे घराला रंग काढतात तसं." म्हटलं, हो, तसंच.

आता उकरते. तू नको म्हणालास म्हणून जरा खोलवर.

शहराच्या वाचनालयानं हातानं रंगवलेल्या फुलझाडांचं ते दोनशे वर्षांचं पुस्तक आपल्याकडे बांधणीला दिलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "हे बारकी करेल. नीट झालं की पाटीवर तिचं नाव." तू तिथेच बसला होतास, वह्यांच्या समासाच्या लाल रेघा मारत. मान वर केली नाहीस, पण तुझी रेघ वाकडी गेली. मी पाहिली.

एकशे बारावं पान पांढऱ्या लिलीचं. सुरकुत्या काढायला मी ते किंचित ओलावून, वर टीपकागद ठेवून प्रेसमध्ये दाबलं आणि चार वाजता घरी गेले. सकाळी माझ्या नाकात कापूस होता, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तू रेघा संपवायच्या म्हणून मागे थांबलास. दुसऱ्या दिवशी मी प्रेस उघडला आणि लिलीच्या दोन पाकळ्यांवर रुपयाएवढा लाल डाग. काठ सुकलेले.

बाबांचा नियम तुला आठवतच असेल. रक्त ज्याचं, थुंकी त्याची. शिवताना सुई बोटात जायचीच. दोऱ्यावर ठिपका पडला की ज्याचा त्यानं आपली थुंकी लावून टिपायचा. दुसऱ्याच्या थुंकीनं निघत नाही, म्हणायचे. मला वाटलं, माझंच रक्त. दुसऱ्या कुणाचं असणार? घरात वाहणारं नाक एकच होतं. मी कापसाचा बोळा जिभेवर ओला केला आणि लावला. डाग निघाला नाही. लिलीचा रंग हलला. मी अजून थुंकी लावली. पाकळ्या गेल्या.

तेवढ्यात तू आलास. "अगं बारके, काय केलंस हे!" हे बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि बाबा आल्यावर, खालच्या आवाजात, "तिला बोलू नका. तिचा दोष नाही, नाकाचा आहे."

दादा, तू मला थोबाडीत मारली असतीस तर मी आज हे लिहिलं नसतं. त्या मायेच्या वाक्यानं मी गेले. बाबा म्हणाले, "ज्याचं नाक वाहतं त्यानं कागदाला हात लावू नये." पाटीवर तुझं नाव चढलं. मी गेली सोळा वर्षं पुठ्ठ्याची खोकी चिकटवते. खोक्यावर रक्त पडलं तर कोणी ओरडत नाही. पुढचं खोकं उचलतात.

तू म्हणशील, पुरावा काय?

टीपकागद. माझं रक्त पान दाबायच्या आधी पडलं असतं, तर वरच्या टीपकागदावर त्याचा जुळा डाग असता. तो कोरा होता. म्हणजे कुणीतरी माझ्यानंतर प्रेस उघडला, लिलीवर वाकून पाहिलं, नाक फुटलं, घाबरून जुन्या टीपकागदानं टिपलं, आणि डाग सुकल्यावर वर कोरा टीपकागद ठेवला. एवढी साधी गोष्ट. दहा वर्षांच्या बाइंडरलाही कळावी. पण घाबरलेल्या माणसाला आपलाच गुन्हा दिसतो, आणि मी स्वतःच्या थुंकीनं कबुलीजबाब लिहून बसले होते.

बाकीचं सगळं डोळ्यांसमोर होतं. बाबा डझनानं पांढरे रुमाल आणायचे आणि तुझ्या खिशात कायम गडद लाल. वहिनी कुरकुरायची, "ह्यांना पांढरं चालतच नाही, कुठले राजे लागून गेलेत!" तुझ्या ओठावरचे ठिपके? कुंचला ओठात धरून टोक काढतो, लाल शाई लागते, असं तू सांगायचास. आम्ही मान डोलवायचो. शाई आंघोळीनं जाते रे. आणि कारखान्याचा जिना चढून आलास की आधी मोरी गाठायचास, रुमाल नाकाला. आईचं नाक मुलीला येतं, मुलाला नाही, असं घरात ठरलेलं होतं. ते तुला फार सोयीचं पडलं.

थुंकीचं मी डॉक्टरबाईंनाही विचारलं. त्या खूप हसल्या. "थुंकीला काय नावगाव कळतं? ताजा असेल तर कुणाच्याही थुंकीनं निघेल, सुकला असेल तर कुणाच्याच नाही." म्हणजे बाबांचा नियमही खोटा. आणि बाबा तो खरा धरूनच गेले.

मागच्या आठवड्यात पोरीला वाचनालयात नेलं. ते पुस्तक मागितलं की वाचनकक्षात आणून देतात. मागच्या पुठ्ठ्याच्या आत तेव्हाच्या ग्रंथपालांनी डकवलेली चिठ्ठी अजून आहे. पोरीनं ती मोठ्यानं वाचली. 'पान ११२ वरील डाग : दुरुस्ती करणाऱ्या कारागीर मुलीच्या नाकातून पडलेले रक्त. मुलीस कामावरून कमी केले आहे.' दोन टेबलं सोडून बसलेल्या म्हाताऱ्यानं वर पाहिलं.

"आत्या, कारागीर मुलगी म्हणजे तू?"

"मीच."

सतरा वर्षं जो कोणी ती फुलं बघायला येतो, तो शेवटी माझं नाक बघून जातो. आताच्या ग्रंथपालबाईंना मी विचारलं, ही काढाल का? त्या म्हणाल्या, "नोंद काढता येत नाही, वर दुसरी लावता येते. पण ज्याचं रक्त त्यानं स्वतः येऊन लिहायचं, सही करायची, माझ्यासमोर."

मला तेवढंच हवं आहे. तुझ्या हातची एक ओळ, त्या पुस्तकात, माझ्या चिठ्ठीच्या वर. कारखाना नको, पाटी नको. आणि ती ओळ तुझ्या लेकीनं तुला लिहिताना बघायला हवी. ओळ न आल्यास रविवारची कार्डं चालू राहतील. न्हावी वाट बघत असेल.

बारकी


१३ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र लिहायचं माझ्या मनात नव्हतं. तुझ्या लेकीनं समोर बसवून लिहायला लावलं आहे. ती गॅसशी उभी राहून चहा करते आहे आणि मधूनमधून विचारते, "झालं का? त्या भागापर्यंत आलीस का?"

तो भाग असा.

मंगळवारी तिला नकाशा सपाट करायला प्रेस हवा होता. कारखाना सोडताना मी बाबांचा लहान प्रेस उचलून आणला होता, तो पलंगाखाली असतो. मी कामावर होते. तिनं तो ओढला, चाक फिरवून उघडला. आत एकच पाकीट होतं. वर तुझं नाव, कोपऱ्यात दवाखान्याचा शिक्का, आणि तारीख. तीन वर्षांपूर्वीची.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मलाही नुकतंच कळलं. ते खोटं होतं. माझा अहवाल तीन वर्षांपूर्वीच आला होता. असा अहवाल आला की दवाखाना रोग्याकडे त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांसाठी पत्र देतो. 'आपल्या बहिणीस हा आजार आहे. आपणांसही असण्याची शक्यता निम्मी आहे. काही त्रास नसला तरी फुफ्फुसांची तपासणी करून घ्यावी.' दवाखाना स्वतः पाठवत नाही, ते रोग्यानं पोचवायचं. मी ते वाचलं, त्याच क्षणी मला टीपकागद आठवला, आणि मी पाकीट प्रेसमध्ये ठेवून चाक आवळलं.

संध्याकाळी घरी आले तर पोरगी पलंगावर पाकीट मांडीवर घेऊन बसलेली.

"आत्या, तीन वर्षं?"

"हो."

"माझे बाबा मेले असते तर?"

"त्यासाठीच ठेवलं होतं," मी म्हणाले. विचार न करता म्हणाले, म्हणजे खरंच असणार.

"आणि मी?"

दादा, तिचा मला विचारच आला नव्हता. माझ्या डोक्यात ती अजून तीन वर्षांची होती, टेबलाखाली बसून खळ चाटणारी. तुझ्यावर राग धरताना तुझ्या मागे कोणी उभं असेल, हे मी पाहिलं नाही. तूही त्या दिवशी घाबरून टीपकागद बदलताना पाहिलं नसशील. एवढ्यापुरतं आपलं जुळतं, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही.

ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही दोघं ना, एकाच नाकाच्या दोन नाकपुड्या आहात." मधल्या पडद्याचं मी तिला सांगितलेलंच होतं.

तिच्या छातीचा फोटो बुधवारी झाला. उजव्या फुफ्फुसात तसल्या वाहिन्यांचं एक जाळं आहे, लहान. बाई म्हणाल्या, सध्या लक्ष ठेवू, वाढलं तर पायातून नळी घालून बंद करता येतं, वेळेत कळलं हे बरं झालं. वेळेत हा शब्द त्यांनी सहज वापरला. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

काल तिनं तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. तिनं सगळं सांगितलं, माझंही. मागून वहिनीचा आवाज आला, "विचारते आहे पोरगी, तोंड उघडा की आता!" मग तू म्हणालास, "येतो."

तर सोमवारचं असं ठरलं आहे. साडेदहाला दवाखाना, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला. पोरीच्या नाकात कापूस घातला की वीस मिनिटं असतात. तेवढ्यात बाई आपल्याला दोघांना आत बोलावून वंशावळीचा तक्ता भरणार आहेत. त्यात बायकांचं वर्तुळ, पुरुषांचा चौकोन, आणि ज्याला आजार आहे त्याची खूण काळी करतात. आईची केली आहे, माझी केली आहे, पोरीची केली आहे. तुझ्या चौकोनात प्रश्नचिन्ह आहे. बाई विचारतील, "तुमच्या नाकाचा घोळणा फुटतो का?" पोरीच्या नाकात कापूस असेल, पण कान उघडे असतील. नाही म्हणालास तर बाई जीभ बाहेर काढायला सांगतील. जिभेला खोटं बोलता येतं, तिच्यावरच्या ठिपक्यांना येत नाही. मग मला विचारतील, पत्र केव्हा पोचवलंत? तेव्हा माझी पाळी. पोरीनं क्रम लावून दिला आहे. आधी तू.

चार वाजता वाचनालय. तिला तोवर घरी झोपवावं असं मी म्हणत होते, ती ऐकत नाही. कोऱ्या कागदाची चिठ्ठी मी जुन्या चिठ्ठीच्याच मापाची कापून ठेवली आहे. मजकूर पोरीनं सांगितला आहे, बदल चालणार नाही म्हणाली. 'पान ११२ वरील डाग माझ्या रक्ताचा.' खाली तुझी सही. 'रंग माझ्या थुंकीने गेला.' खाली माझी. दुसरी ओळ मला नको होती. ती म्हणाली, मग पहिलीही नको. म्हणून दोन ओळी.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. पोरीसाठी एका खोलीत बसेन, तेवढंच. बाबा गेले ते मला दोष देत गेले, त्याच्यावर लावायला कुठलीच चिठ्ठी नाही.

खळ मी सकाळी शिजवून आणीन, चारपर्यंत नीट गार होते. पेन तुझं आण, लाल सोडून कुठलंही.

आणि खिशात पांढरा रुमाल असू दे. बाबांच्या डझनातला एखादा कपाटात असेल, वहिनीला विचार. जिना चढून आलास की तुझा घोळणा फुटतो, हे मला सतरा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. मी वर दाराशी उभी असेन.

बारकी